मदत हवी आहे : ६२ जणांची इयर-एंड पार्टी दुपारी ठेवावी की रात्री?

सर्वांना नमस्कार.

अंधेरी पूर्वेला आमचे ६२ जणांचे ऑफिस आहे आणि यंदा वर्षअखेरच्या पार्टीची जबाबदारी ॲडमिनमधल्या आम्हा तिघांवर आली आहे. हॉल, जेवण आणि खेळ यांचे आम्ही निभावून नेऊ. माझी खरी अडचण आहे ती सगळ्यांच्या परतीची, आणि ज्यांनी असे कार्यक्रम पार पाडले आहेत त्यांचा अनुभव मला त्यासाठी हवा आहे.

गेल्या वर्षीची पार्टी लोअर परळला होती. साडेदहाला संपायची ती बक्षिसे आणि नाच यांत बारापर्यंत लांबली. बहुतेक जण कॅब करून निघाले. बदलापूरला राहणारी आमची एक नवी सहकारी मात्र ‘मिळेल मला लोकल’ म्हणत एकटीच गेली आणि दादरला पोहोचेपर्यंत कर्जतकडे जाणारी शेवटची गाडी निघून गेली होती. एवढ्या लांब यायला एकही कॅबवाला तयार होईना. पहाटेची पहिली गाडी लागेपर्यंत ती फलाटावरच्या बाकावर बसून राहिली, मांडीवर पर्स आणि पर्सवर पार्टीत मिळालेला कॉफी मगचा खोका. हे तिने सोमवारी सांगितले, तेही मी सहज विचारले म्हणून. ती घरी पोहोचली का, असा एक मेसेज त्या रात्री आमच्यापैकी कोणीही केला नव्हता, मीही नाही, आणि ते मला अजून लागून राहिले आहे.

म्हणून यंदा शनिवारी दुपारी बारा ते चार अशी वेळ मी सुचवली आहे. (रविवार मेगाब्लॉकमुळे आधीच बाद झाला.) आमचे जैन सहकारी सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, त्यामुळे दरवर्षी ते सरबत घेऊन निघतात, दुपारी ठेवली तर तेही पंगतीला असतील. उलट बाजूचे म्हणणेही मला खोटे वाटत नाही. सुट्टीच्या दिवशी विरारहून किंवा पनवेलहून मुद्दाम कोण येणार, असे अनेक जण विचारतात, आणि तरुण मंडळींच्या मते दुपारच्या उन्हात पार्टीला रंग चढत नाही. साहेबांचा कल शुक्रवारी रात्रीकडे आहे. हॉलवाल्याने गुरुवारचे भाडे कमी सांगितले होते, पण मार्गशीर्षातल्या गुरुवारी आमच्याकडच्या बऱ्याच जणींचा उपवास असतो, त्यामुळे तो विचार आम्ही तिथेच सोडला.

रात्रीच ठरली तर विरार, बदलापूर आणि पनवेल अशा तीन मार्गांवर टेम्पो ट्रॅव्हलर ठेवावेत, असे माझ्या मनात आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार कंपनीने दिलेले वाहनही कामाचे ठिकाणच मानले जाते, त्यामुळे गाडीत बसवून दिले की आपली जबाबदारी संपली, असे होत नाही. प्रत्येक गाडीत शेवटच्या थांब्यापर्यंत कोणी जबाबदार व्यक्ती ठेवावी का, आणि मग त्या व्यक्तीने स्वतः घरी कसे जावे, हे कोडे मला सुटलेले नाही.

दुसरी काळजी हॉलची आहे. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिल परिसरातल्या आगीत १४ जण गेले, त्यातले अनेक जण स्वच्छतागृहात गुदमरून, आणि त्या वेळी मी जवळच नोकरीला असल्यामुळे कुठल्याही हॉलमध्ये शिरले की माझी नजर आधी दुसरी वाट शोधते. मागच्या आठवड्यात पाहिलेल्या हॉलच्या व्यवस्थापकाने दिवे, स्टेज, साउंड सगळे हौसेने दाखवले. बाहेर पडायचा दुसरा दरवाजा कुठे आहे, असे विचारल्यावर तो मला स्वयंपाकघरातून मागे घेऊन गेला. दरवाजा होता, पण त्याला टेकून कोल्ड्रिंकच्या क्रेट आणि गुंडाळलेले गालिचे रचलेले होते आणि कडीला साखळी होती. ‘कार्यक्रमाच्या दिवशी काढू, मॅडम’ असे तो म्हणाला. तो हॉल मी नाकारला. अग्निशमन दलाची कागदपत्रे दाखवा, असे हॉलवाल्याला सांगताना तुम्ही नेमके काय मागता आणि त्या कागदांत काय तपासता?

मद्याबाबत माझे मत स्पष्ट आहे : नको. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१ आणि इतर मद्यासाठी २५ वर्षे वय लागते, आमच्याकडे नऊ जण पंचविशीच्या आतले आहेत, आणि दुचाकीवर घरी जाणारे त्याहून जास्त. तरीही व्यवस्थापनाने आग्रह धरला, तर उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना हॉलवाल्याने काढावा की कंपनीने, हे ज्यांनी काढला आहे त्यांनी कृपया सांगावे.

आणखी एक विनंती. दुपारची पार्टी ज्यांच्याकडे खरोखर रंगली, त्यांनी नेमके काय ठेवले होते ते लिहावे. अंताक्षरी आणि तंबोला आमच्याकडे तीन वर्षे झाले आहेत आणि त्यात पुढच्या दोन रांगाच खेळतात. पुढच्या मंगळवारी साहेबांपुढे दोन्ही पर्याय खर्चासह मांडायचे आहेत, त्यामुळे अंधेरीहून रात्री बदलापूरपर्यंत ट्रॅव्हलर कोणी ठरवला असेल, तर त्याचे साधारण भाडे सोमवारपर्यंत कळवल्यास फार मदत होईल.