‘मिस करणे’ला मराठीत काय म्हणायचं?

परवा भाचीने विचारलं, मावशी ‘आय मिस यू’चं मराठी काय गं, आणि मी पटकन ‘तुझी आठवण येते’ म्हणून मोकळी झाले. पण मग तेच डोक्यात फिरत राहिलं, कारण आठवण तर दहा वर्षांपूर्वी भेटलेल्या माणसाचीही येते, त्याच्यावाचून आपलं काही अडलेलं नसतं. मिसमध्ये ती जी रिकामी जागा आहे ती ‘आठवण’मध्ये पूर्ण येत नाही.

आधी साधे अर्थ बघू. इंग्रजीत या क्रियापदाचा जुना अर्थ नेम न लागणे, हातात यायला हवं ते न येणे असा आहे, कुणावाचून वाईट वाटणे हा अर्थ नंतर चिकटला. (लग्न न झालेल्या बाईच्या नावामागे लागतं ते मिस वेगळं, ते मिस्ट्रेसचं छोटं रूप.) आपल्याकडे मात्र प्रत्येक प्रसंगाला वेगळा शब्द. बस चुकते, नेम चुकतो किंवा हुकतो, संधी हुकते, पण आपल्याच आळसाने गेली तर ती आपण दवडतो. तास बुडतो, आणि मुद्दाम गेलो नाही तर तास बुडवतो. गोळी घ्यायची राहते. लिहिताना ओळ गळते. दोघं एकमेकांना शोधत भलतीकडेच उभे राहिले तर चुकामूक होते. कागद गहाळ होतात, माणूस बेपत्ता होतो. आणि हे सगळं आपण सर्रास ‘मिस झालं’मध्ये कोंबतो, त्यात चूक कुणाची होती की नुसतं नशीब, हे जे मराठीत आपोआप कळतं ते हरवून जातं याचं मला खरंच वाईट वाटतं.

अजून एक, मराठीत बस चुकली, ‘मी बस चुकलो’ नाही. कर्ता बस! आपण फक्त ‘माझी’ म्हणून बाजूला उभे.

‘मुकणे’ही विसरू नका. मी त्या आनंदाला मुकले. हा शब्द मुक्तच्या घरातला, सुटणे, मोकळं होणे, आणि तिथून गमावण्यापर्यंत आलाय. छोट्या गोष्टीला वापरू नये असं माझं मत, बसला कुणी मुकत नाही.

आता माणसाबद्दल. उणीव भासते हे बरोबर आहे पण भाषणातलं वाटतं. ‘तुझ्याशिवाय करमत नाही’ हे मला सगळ्यात जवळचं वाटतं, चैन पडत नाही पण चालेल. अजून काही आहे का?

— प्रतिसाद —
ताई, आठवण येणे आणि आठवण काढणे यातला फरक पण घ्या ना. येते ती आपोआप, काढतो ती बोलून, चारचौघांत. ‘काल सगळ्यांनी तुझी खूप आठवण काढली’ हे ‘वी ऑल मिस्ड यू’चं अगदी नेमकं मराठी आहे, आणि ऐकणाऱ्याला किती बरं वाटतं!

— प्रतिसाद —
मला नाही पटत. मिस करतेय हे दोन शब्दांत होतं, मेसेजमध्ये करमत नाही लिहिलं की फार गंभीर वाटतं. आणि सगळ्यांना समजतं मग अडचण काय?

— प्रतिसाद —
आठवण काढणे, हो, हे माझं राहूनच गेलं होतं, थँक्यू.

आणि अडचण अशी की ‘काल तुझं गाणं मिस केलं’ म्हणजे मी उशिरा पोचले आणि ऐकायचं राहून गेलं, की तू गायलीच नाहीस आणि मला चुकल्याचुकल्यासारखं झालं? दोन्ही होतं. गायलेलीला कळणार कसं?

आणि हे लिहिता लिहिताच लक्षात आलं, अहो शब्द मिळाला की! चुकल्याचुकल्यासारखं वाटणे! रोजचं माणूस घरात नसलं, की सगळं जागच्या जागी असूनही काहीतरी कमी आहे असं वाटत राहतं ना, तेच. आणि यातलं चुकणे तेच, बस चुकली मधलं. म्हणजे इंग्रजीत नेम हुकण्यापासून ओढ लागण्यापर्यंत जो प्रवास झाला तोच मराठीत चुकणेने केलाय. फ्रेंचमध्येही म्हणे वाक्याचा कर्ता ‘तू’ असतो, तू मला कमी पडतोस अशी रचना, म्हणजे आपल्या बसच्या वाक्यासारखीच.

मेसेजपुरतं म्हणाल तर ‘तू नाहीस तर चुकल्यासारखं वाटतंय’, हे काही गंभीर नाही. भाचीला आत्ताच पाठवलंय.