‘कोसला’ला अजून एक संधी द्या

कादंबऱ्या सुचवायच्या या चर्चेत कुणीतरी म्हटलंय, की नेमाड्यांची ‘कोसला’ पन्नास पानांपुढे सरकत नाही. कॉलेजात माझंही तसंच झालं होतं. दहाएक वर्षांनी परत हातात घेतली आणि नायकाच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूपाशी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. ही कादंबरी १९६३ची आहे हे पटतच नाही, इतकी त्या नायकाची, पांडुरंगाची तिरकस भाषा आजची वाटते.

पौराणिक मात्र आता झेपत नाही. ‘मृत्युंजय’ शाळेत असताना भारावून वाचली होती. परवा उघडली तर कर्ण, कुंती, दुर्योधन सगळे आपापली कहाणी एकाच अलंकारिक सुरात सांगताहेत! (आईसमोर हे बोलायची सोय नाही.)

त्यापेक्षा ‘बनगरवाडी’. जेमतेम दोन बैठकांत संपते. दुष्काळात अख्खी वाडी ओस पडते, पण माडगूळकर कुठे गळा काढत नाहीत.

आणि ‘रारंग ढांग’ कुणीच कशी सुचवली नाही? हिमालयात कडा फोडून रस्ता काढणारा सिव्हिल इंजिनियर आणि लष्करी शिस्त यांची टक्कर. मी रात्री दोनपर्यंत जागून संपवली, सकाळी ऑफिसला लेट.

रहस्यकथांचं विचारू नका, शेवटचं पान आधी वाचायची खोड आहे मला.