जीटूच्या रिपोर्टवरून ऑनलाइन दुकानाचा प्लॅटफॉर्म ठरवायचा का?

कोथरूडकर: आमची छोटी एजन्सी आहे, क्लायंट पैठण्या विकतो, त्याने जीटूचा, म्हणजे सॉफ्टवेअरचे रिव्ह्यू देणाऱ्या साइटचा, ग्रिड रिपोर्ट (सगळे प्लॅटफॉर्म ठिपक्यांनी दाखवणारा आलेख) पाठवलाय आणि म्हणतो जो 'लीडर' दिसतोय तोच घ्या, आता ह्याला काय सांगू?

जुना_डेव्ह: अरे त्या ग्रिडला दोन अक्ष असतात, एक ग्राहकांचं समाधान नि दुसरा मार्केट प्रेझेन्स (बाजारातलं वजन), म्हणजे कंपनी नुसती मोठी असली तरी ठिपका पुढे सरकतो. स्मॉल बिझनेसचा फिल्टर लाव, म्हणजे ५० पर्यंत माणसं असलेल्यांचेच रिव्ह्यू दिसतील. ५ स्टारवाले सोड, ३ स्टारवाले वाच. आणि लिहिणारा दुकानदार आहे का डेव्हलपर तेही बघ, वूकॉमर्स (वर्डप्रेसवर दुकान उभं करायचं प्लगइन) घेतलं तर होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायचा सर्व्हर, आपलं आपण बघायचं असतं, डेव्हलपरला त्याचं काही नाही, दुकानदाराच्या डोक्याला ताप.

रात्रपाळी: बरोबर, पण अमेरिकेतला माणूस पेमेंट सोपं म्हणून स्टार देतो, भारतात शॉपिफाय ह्या दुकानाच्या प्लॅटफॉर्मची स्वतःची पेमेंट सेवा, शॉपिफाय पेमेंट्सच, नाही, बाहेरचा पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) लावला की त्याची फी वेगळी नि शॉपिफायची वेगळी. शिवाय कॅश ऑन डिलिव्हरी, जीएसटी बिल...

कोथरूडकर: आयला, फीचं डोक्यातच नव्हतं. आधी भारतातले रिव्ह्यू वेगळे काढतो मग बोलतो त्याच्याशी.