मदत हवी आहे : बाईकची बॅटरी गेली की रेग्युलेटर? साडेचार वर्षं झालीत

नमस्कार मंडळी, बाईक बाबांची आहे, 150 सीसी, बीएस6, बॅटरी कंपनीतून आलेलीच, 12 व्होल्टची सीलबंद. आम्ही अकोल्याजवळ राहतो. बाबा रोज पहाटे साडेचारला मेथी-कोथिंबीर घेऊन मार्केटला जातात आणि गाडीला किक नाहीये. गेले दहा दिवस पहाटे सेल्फ दाबला की नुसतं टकटक वाजतं, दुपारी मात्र एका झटक्यात सुरू होते. परवा बाबा अंधारात एकटेच गाडी ढकलत होते, ते बघवलं नाही म्हणून विचारतोय.

एक मेकॅनिक म्हणतो बॅटरी संपली, दुसरा म्हणतो रेग्युलेटर (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा भाग) गेलाय, चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल (वायरचं टोक) काढून दाखवतो. मी त्याला थांबवलं. बाबा म्हणतात डिस्टिल्ड वॉटर टाक, त्यांच्या जुन्या गाडीला चालायचं, पण हिला टोपणंच नाहीत.

घरच्या मीटरवर पहाटे गाडी बंद असताना 12.2 व्होल्ट आलं, सेल्फ दाबला की 8.6 पर्यंत कोसळतं, आणि सुरू झाल्यावर रेस दिली की 14.1. दोन जादा एलईडी लाईट लावलेत आणि मार्केट घरापासून जेमतेम 3 किमी. चार्ज करून चालेल का बदलावीच लागेल? बॅटरी नक्की किती वर्षं टिकते?

प्रतिसाद :
भाऊ, थांबवलंत ते फार बरं केलं, तुमच्यासारख्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत चालू असताना टर्मिनल काढलं तर ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) उडू शकतो. 14.1 येतंय म्हणजे चार्जिंग ठीक आहे, रेग्युलेटरवर पैसे घालू नका. ही बॅटरी साधारण 3 ते 5 वर्षं जाते, त्यात तुमच्याकडचा 44-45 डिग्रीचा उन्हाळा तिला आतून खातो आणि ते कळतं थंडीत, कारण गार इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. शिवाय 3 किमीत सेल्फने घेतलेलं पुरतं भरूनही निघत नाही. तरी एकदा खात्री करा, बॅटरी काढून रात्रभर छोट्या चार्जरवर लावा (5 एएचची, म्हणजे 5 अँपिअर-अवर क्षमतेची असेल तर अर्धा अँपिअर पुरे), मग बारा तास नुसती बाजूला ठेवून मोजा. 12.6 च्या आसपास राहिली तर बॅटरी ठीक आहे, त्या एलईडीची वायरिंग तपासा, किल्ली बंद असताना करंट खात असेल. 12.4 च्या खाली आली तर बदला. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना आधी पॉझिटिव्ह. नवी घेताना एएच तेवढंच घ्या, बनवल्याचा महिना बघा, वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घ्या, जुनी दिली की पैसे कमी होतात.

धागाकर्ता :
खूप आभार भाऊ. तसंच केलं, बारा तासांनी 12.1 आलं. उद्या दुकान उघडलं की नवी आणतो, पहाटे बाबांना मीच माझ्या स्कूटरवर सोडतोय. एलईडीची वायर पण काढून टाकली, ती थेट बॅटरीवरच जोडलेली निघाली.