मरीनाने रेसिंगवाल्यांना सपोर्ट करावा की जुनी लाकडी यॉट दुरुस्त करावी? की दोन्ही?

भरतीओहोटी:
मंडळी, सल्ला हवाय. मी एका मरीनाचं (बोटी बांधून ठेवायचं छोटं बंदर) यार्ड सांभाळतो, म्हणजे बोटी उचलणं, धुणं, स्टँडवर लावणं, थोडीफार दुरुस्ती. आमच्या मालकांच्या डोक्यात एकदम दोन गोष्टी आल्यात. एक, रेसिंग करणाऱ्या टीम्सना मरीनाच्या नावाने मदत करायची. दुसरं, यार्डच्या कोपऱ्यात कधीपासून पडलेली एक लाकडी यॉट (दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, लांब कील म्हणजे तळाचा कणा, ओकच्या फ्रेम, महोगनीच्या फळ्या) नीट करून तीच रेसमध्ये उतरवायची. तिच्या मालकाने भाडं थकवलं आणि फोन उचलणं बंद केलं. वार्निश उडालंय, फळ्यांमध्ये नख जाईल एवढ्या फटी पडल्यात, बाकी ठणठणीत वाटते. मालक म्हणतात दोन्हींची मिळून एकच जाहिरात होईल, मला वाटतं दोन्हीकडे मिळून दुप्पट पैसे जातील. कोणी केलंय का असलं काही?

शिडाची_दोरी:
"बाकी ठणठणीत वाटते" हे वाचूनच पोटात गोळा आला. अहो त्या फटींचं काय घेऊन बसलात, बोट कोरड्यात राहिली की फळ्या सुकून आकसतातच, त्या पाण्यात गेल्यावर फुगून परत बसतात. म्हणूनच सांगतो, आत्ता त्या फटींमध्ये कडक पुटी किंवा एपॉक्सी अजिबात भरू नका, नंतर लाकूड फुगायला जागा मिळाली नाही तर ताण फ्रेमवर जातो आणि फ्रेमच तडकते.

खरा शत्रू पावसाचं पाणी. लोकांना वाटतं समुद्राचं पाणी लाकूड खातं, पण कुजवणारी बुरशी गोड्या पाण्यावर जगते, खारं तिला मानवत नाही. समुद्राकडून भीती असते ती लाकूड पोखरणाऱ्या किड्याची, पण तुमची बोट जमिनीवर आहे. त्यामुळे डेक आणि हलचा (बोटीच्या मुख्य सांगाड्याचा) जोड, केबिनचे कोपरे, मागची आडवी फळी, डोलकाठी बसते ती जागा, इथे हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा. टणक आवाज आला तर ठीक, बोदा आला तर टोचून बघा. आणि कीलचे बोल्ट! निदान एक तरी बाहेर काढून बघाच. वरून नट चकाचक दिसतो आणि लाकूड नि शिसं भेटतात तिथे मध्येच तो झिजून बारीक झालेला असतो. लोखंडी खिळे असतील तर ओकच्या आम्लामुळे ते गंजतात आणि भोवतीचं लाकूडही काळं पडून मऊ होतं.

पण या सगळ्याच्या आधी कागद. बोट कायद्याने तुमच्या मालकांची झाल्याशिवाय तिला स्क्रूड्रायव्हरसुद्धा लावू नका, नाहीतर सगळं झाल्यावर तो फोन न उचलणारा माणूस बरोबर उगवेल.

वारा_उलटा:
मी रेसिंगच्या बाजूने बोलतो, लाकडातलं मला कळत नाही. रोख स्पॉन्सरशिप देऊ नका, एका हंगामात शिडांमध्ये संपते आणि शिडावरचा तुमचा लोगो किनाऱ्यावरून कोणाला वाचताही येत नाही. तुमच्याकडे जे आहे ते द्या. रेसिंगवाल्यांना काय लागतं, तर रेसच्या आदल्या दिवशी बोट वर काढून तळ घासून लगेच खाली सोडणारी क्रेन. कित्येक जण तर बोट पाण्यात ठेवतच नाहीत, जमिनीवरच ठेवतात, रेसपुरती खाली सोडतात, म्हणजे तळाला शेवाळ धरत नाही आणि अँटीफाउलिंगचा (शेवाळ धरू न देणाऱ्या रंगाचा) थरही नको. यात तुमचा एक बर्थ, म्हणजे पाण्यातली बोट बांधायची जागा, मोकळा राहतो आणि क्रेनचं काम वाढतं. क्रेनला वजनाचा काटा लावलात तर मापणीसाठी क्लासवाले (एकाच डिझाइनच्या बोटींच्या रेस घेणारे) स्वतः येतील. छोट्या डिंग्यांना बर्थ नको, उतार हवा आणि ट्रॉली लावायला जागा. सेफ्टी बोट आणि ती चालवणारा माणूस दिलात तर क्लब तुम्हाला विसरणार नाही. मागोमाग शिडं शिवणारा, रिगिंगवाला तुमच्याकडे गाळा मागतात, पैसा तिथे आहे.

लाकडी बोटीचं म्हणाल तर बाहेरून फायबरचा थर चढवून मोकळे व्हा की.

शिडाची_दोरी:
@वारा_उलटा दादा, तो थर नव्या, कोरड्या, चिकटवून बांधलेल्या हलवर ठीक आहे. फळीला फळी लावून बांधलेल्या जुन्या बोटीचं लाकूड ओलाव्याप्रमाणे हलत राहतं, थर सुटतो, आत पाणी अडकतं आणि ती दिसेनाशी कुजते.

भरतीओहोटी:
कागदांचं मालकांना आजच सांगितलं, चेहरा पडला. पण ते दोराड नावाच्या जुन्या लाकडी रेसिंग यॉटचे व्हिडिओ बघून पेटलेत, त्यांना आता कोण थांबवणार.

जुनं_सागवान:
दोराड बघून कोणीही पेटेल हो. ऑलिन स्टीव्हन्सने विशीत डिझाइन केली, १९३१ मध्ये अटलांटिक पार करायची रेस मोठमोठ्या बोटींना मागे टाकून जिंकली, त्याच वर्षी इंग्लंडची फास्टनेट रेस, १९३६ ला कॅलिफोर्निया ते हवाई ही ट्रान्सपॅक रेस. आणि डागडुजीनंतर २०१३ मध्ये तीच ट्रान्सपॅक हँडिकॅपवर (बोटीप्रमाणे वेळेत सूट धरून) पुन्हा! पण त्यामागे बोट सतत चालवणारा, खर्चाला न घाबरणारा मालक होता, हे व्हिडिओत पटकन दिसत नाही.

दुसरी बाजू जिप्सी मॉथ फोर या यॉटची. इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस चिचेस्टरने १९६६-६७ मध्ये तिच्यातून एकट्याने जगप्रदक्षिणा केली, मग लंडनजवळ ग्रिनिचला तिला कोरड्यात प्रदर्शन म्हणून उभी केली. तिथे ती उभ्या उभ्या खराब होत गेली, २००५ मध्ये दुरुस्त होऊन परत पाण्यात आली तेव्हा कुठे जीव आला. आणि टॅली हो, १९२७ ची फास्टनेट जिंकलेली. तिचं काम २०१७ ला सुरू झालं, पाण्यात उतरली २०२४ ला, बहुतेक लाकूड नवीन. तुमच्या मालकांना वर्षांचा हा हिशोब दाखवा.

माझं मत, बोट नंतर नियमित चालवणारी माणसं आधी शोधा, सुतार मागाहून. इथेच तुमचे दोन विषय जुळतात. ज्या रेसिंगवाल्या पोरांना क्रेन देणार आहात त्यांच्यातलेच काही जण हिवाळ्यात घासकामाला येतील आणि पुढे क्रू होतील. आधुनिक बोटींशी तिची तुलना करू नका, क्लासिक बोटींच्या वेगळ्या रेगाटा (शर्यतींचे मेळावे) असतात, हँडिकॅप वेगळा असतो. ड्रॅगनसारखा क्लास निघाला तर नशीबच, १९२९ चं डिझाइन आहे पण आजही जगभर रेस होतात.

वारा_उलटा:
एवढंच, तिला क्रेनच्या वाटेवर ठेवू नका. हंगामात शुक्रवारी संध्याकाळी उचलायची रांग लागते आणि मध्येच वार्निश ओलं असलेली बोट, शेजारी सँडिंगची धूळ, भांडणं होतात. शेड वेगळी, हिशोबाची वही पण वेगळी.

शिडाची_दोरी:
आणि शेड होईपर्यंत तिच्यावर ताडपत्री टाका, आजच. पण घट्ट गुंडाळू नका, मधे आडवी काठी लावून दोन्ही टोकं उघडी ठेवा, आतली झाकणं आणि तळफळ्या काढून हवा खेळू द्या. कागद व्हायला महिने लागले तरी निदान कुजणं तिथेच थांबेल.

भरतीओहोटी:
ताडपत्री टाकायला मालकाची परवानगी लागेल का, तिच्या मालकाची म्हणजे? 😅

शिडाची_दोरी:
ती मी देतो, टाका.