अनुभव धागा: जर्मन शिव्या, त्यांचं वजन आणि वापर

जर्मनच्या वर्गात हा धडा नसतो, आणि जर्मनीत कामाला लागलं की पहिल्या आठवड्यात कानावर हेच शब्द पडतात. जाणकारांनी लिहावं. शब्दाच्या अर्थासोबत त्याचं वजनही सांगा.

उंबरठा
मराठी शिवी आई-बहिणीवर जाते, जर्मन शिवी उकिरड्यावर. 'शायसं' म्हणजे विष्ठा, 'मिस्ट' म्हणजे शेणखत, 'आर्शलोख' म्हणजे गुदद्वार. म्हणून आपल्या शिव्यांचं शब्दशः भाषांतर करू नका. सहज निघणाऱ्या 'आयला'च्या जागी 'मेन्श!' किंवा 'मान!' बसतं. आईवरून दिलेली 'हूरेनझोन' तरुणांत ऐकू येते, पण ती फार जड आहे; तिच्यावरून हातघाई होते. 'मिस्ट' मुलांसमोरही चालतं. 'शायसं' तोंडात येता येता आवरायचं असेल तर लोक 'शायबनक्लायस्टर' म्हणतात. सुरुवात तीच, पण शब्दशः अर्थ तावदानाची खळ!

विभक्ती
शिकणाऱ्यांची नेहमीची चूक: नामाआधीच्या 'शायस'ला प्रत्यय लावणं. तो कधीच बदलत नाही. 'दास शायस आउटो', 'मिट डेम शायस आउटो'. 'बशिसन' (भिकार) हे मात्र खरं विशेषण, त्याला प्रत्यय हवाच: 'आइन बशिसनस होटेल'. माणसाला उद्देशून बोलतानाही लिंग सांभाळावं लागतं: 'डू ब्ल्योडर इडिओट', पण 'डू ब्ल्योडं कू' (ब्ल्योड म्हणजे बावळट, कू म्हणजे गाय, बाईला म्हटलं तर चांगलंच लागतं). प्रत्यय चुकला की समोरचा दुखावला जाण्याआधी हसतो.

डुक्कर ('झाउ' किंवा 'श्वाइन') मात्र चांगल्या-वाईट दोन्ही अर्थानं चालतं. 'झाउवेटर' म्हणजे भिकार हवा, 'झाउगूट' म्हणजे एकदम झकास, आणि 'श्वाइन हाबेन' म्हणजे नशिबानं वाचणं.

अहोजाहो
शिवी दिली म्हणून 'झी'चं (आपण) 'डू' (तू) आपोआप होत नाही. १८ ऑक्टोबर १९८४ रोजी जर्मन संसदेत ग्रीन पक्षाचे योश्का फिशर उपाध्यक्ष रिखार्ड श्ट्युकलेन यांना आधी 'आपली परवानगी असेल तर' म्हणाले आणि मग 'आपण आर्शलोख आहात'. 'झी' तसंच राहिलं, म्हणूनच ते वाक्य आजही सांगितलं जातं.

कलम १८५
हे नीट वाचा. जर्मन दंडसंहितेच्या या कलमानुसार अपमान हा फौजदारी गुन्हा आहे: दंड किंवा १ वर्षापर्यंत कैद; जाहीरपणे केला तर २ वर्षांपर्यंत. पोलिसांसाठी वेगळं कलम नाही, हेच लागतं. तक्रारीला मुदत ३ महिने. दंड दिवसांत मोजतात, एका दिवसाचा दर साधारणपणे महिन्याच्या हातातल्या पगाराचा तिसावा भाग. म्हणजे पगार २,४०० युरो आणि शिक्षा २० दिवसांची असेल तर १,६०० युरो. गाडी चालवताना मधलं बोट दाखवणं किंवा कपाळावर बोट आपटून 'डोकं फिरलंय का' विचारणं, दोन्ही यात येऊ शकतं. काच बंद असली तरी बोट दिसतंच. शिवी रहदारीला द्या, 'शायस श्टाउ!' म्हणा, चालकाला देऊ नका.

दक्षिणेकडून
बव्हेरियात शिव्या चर्चमधून येतात: 'साक्रामेंट' (चर्चमधला संस्कार), 'क्रुत्सिफिक्स' (क्रूसावरच्या येशूची मूर्ती), आखूड करून 'त्सेफिक्स'. हातोडा बोटावर बसला की हेच. आणि 'लेक मि आम आर्श' (शब्दशः 'माझं बूड चाट') ऐकून लगेच भडकू नका. जर्मन कवी-नाटककार गटेच्या १७७३ च्या 'ग्योत्स' नाटकामुळे गाजलेलं हे वाक्य म्हणजे 'गेलास उडत'च्या कितीतरी पुढचं. पण इकडे लांबवून, सूर खाली नेत म्हटलं तर 'अरे बापरे!' एवढाच अर्थ. सूर तुटक आणि नजर तुमच्यावर असेल, तर पहिला अर्थ.