चर्चा : पोडायट्रिस्टांना सीपीडीची सक्ती हवीच कशाला?

बर्मिंगहॅमकर
'सीपीडी म्हणजे नुसता कागदी छळ' या कालच्या पोस्टखाली उत्तर लिहायला बसलो आणि ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढतोय. (पोडायट्रिस्ट म्हणजे पायाच्या आजारांवर उपचार करणारे आम्ही, आणि सीपीडी म्हणजे नोंदणीनंतरही सतत शिकत राहणं.) पोस्टचं म्हणणं थोडक्यात असं : पदवी झाली, एचसीपीसीची (ब्रिटनमधल्या आमच्या नियामक संस्थेची) नोंदणी झाली, वीस वर्षांत हात बसला, मग दर दोन वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी 'मी शिकत असतो' हे लिहून का द्यायचं? ज्याला शिकायचंय तो शिकतोच.

मला हे अजिबात पटत नाही. छळ कुठला? एचसीपीसी तास मोजत नाही, गुणही मोजत नाही. नोंद ठेवा, निरनिराळ्या मार्गांनी शिका, त्याचा कामाला आणि पेशंटला उपयोग व्हावा हे बघा, मागितलं तर लिहून दाखवा. मागतात तेही व्यवसायातल्या फक्त अडीच टक्के लोकांना. कॅलिफोर्नियात दोन वर्षांत 50 तास भरावे लागतात. तिथल्या कुणी कुरकुर केली तर एक वेळ समजून घेईन.

आणि 'हात बसला' म्हणजे नक्की काय? शार्कोचा पाय घ्या, म्हणजे बधिर पायातली हाडं आणि सांधे ढासळत जाणं. पाय सुजलेला, लाल, गरम, दुखणं जवळजवळ नाही. सुरुवातीला एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो. रोज नखं आणि घट्टेच बघणारा माणूस 'इन्फेक्शन दिसतंय' म्हणून जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, पाठवतो, अँटिबायोटिक सुरू होतं, पेशंट त्याच पायावर चालत राहतो आणि तळपायाची कमान ढासळते. दोन्ही पायांचं तापमान थर्मामीटरने मोजून दोन अंश सेल्सियसचा फरक दिसला तरी शंका यायला हवी. डायबेटिक फूटची, म्हणजे डायबेटिसमुळे होणाऱ्या पायाच्या आजाराची, आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं 2019ला बदलली, 2023ला परत बदलली. आपल्यातल्या प्रशिक्षित लोकांना 2013पासून स्वतंत्रपणे औषध लिहून देता येतं. 2005च्या पदवीत यातलं काय होतं?

टाचदुखी (लेस्टर)
ती पोस्ट माझीच. अडीच टक्के हे तुमच्यासाठी, ज्याचा नंबर लागतो त्याच्यासाठी शंभर टक्के. माझा लागला होता. दिवसभर क्लिनिक, रात्री जेवणं झाल्यावर 'मी काय शिकलो आणि त्याचा पेशंटला काय फायदा झाला' हे पुराव्यानिशी लिहीत बसायचं. एनएचएसवाल्यांना, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेतल्यांना, ट्रेनिंगला रजा मिळते. मी कोर्सला गेलो की क्लिनिकला कुलूप आणि त्या दिवसाची कमाई बुडाली.

खरी चीड आहे ती वेगळीच. माझ्या क्लिनिकसमोर एक 'फूट हेल्थ प्रॅक्टिशनर' बसतो. कायद्याचं संरक्षण आहे ते 'पोडायट्रिस्ट' आणि 'किरोपोडिस्ट' (त्याचंच जुनं नाव) या दोनच नावांना. ती न लावणाऱ्याला नोंदणी लागत नाही. त्याला एचसीपीसी विचारत नाही, ऑडिट नाही. तोही ब्लेड चालवतो, तीच कुरुपं काढतो, दर माझ्यापेक्षा कमी. नियम पाळणाऱ्यालाच अजून नियम, असं आहे हे.

वॉर्डातली
रजा कागदावर मिळते हो दादा. त्या दिवशीचे पेशंट बघणार कोण? मी बहुतेक वेबिनार घरी, मुलं झोपल्यावर बघते. फुकट रजा मिळते म्हणून आम्ही सीपीडीची बाजू घेतो असं समजू नका.

मिरजवाला
तुम्ही निदान 'पेशंटला काय फायदा' या प्रश्नावर तरी भांडताय. मी इथे फिजिशियन. आमच्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला पाच वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट लागतात. ते मिळतात सीएमईत, म्हणजे डॉक्टरांच्या शिक्षण-कार्यक्रमांत, हजेरी लावून. हॉटेलचा हॉल, दारात सही, खांद्याला पिशवी, दोन भाषणं, जेवण, आणि जेवणानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. माझे पॉइंट वेळेत भरले आहेत. पण इतक्या वर्षांत एकाही सीएमईत कुणी माझ्या हातात 10 ग्रॅमचा मोनोफिलामेंट (पायाला स्पर्श कळतो का ते तपासायचा नायलॉनचा धागा) देऊन 'हा पाय तपासून दाखवा' म्हटलं नाही. सक्तीला माझा विरोध नाही, हजेरीला शिक्षण म्हणण्याला आहे.

भारताच्या 2021च्या अलाइड हेल्थकेअरच्या कायद्यात पोडायट्रिस्टचं नाव आहे, पण तालुक्याच्या पेशंटला तो भेटतो कुठे? मी बधिर पायाबद्दल सगळ्यात जास्त शिकलो ते चपला करणाऱ्या एका कारागिराकडून. तो कुष्ठरोग रुग्णालयाच्या वर्कशॉपमध्ये तयार झालेला. वेल्लोरला सर्जन पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवर जे काम केलं, ती एमसीआर रबरची (बारीक छिद्रांच्या मऊ रबराची) चप्पल त्याच परंपरेतली. तो आधी पेशंटची जुनी चप्पल उलटी करून झीज बघायचा, बोट आत घालून खिळा वर आलाय का चाचपायचा, आणि मग पाय हातात घ्यायचा. हे मला कुठल्याही हॉलमध्ये मिळालं नाही.

सोलापुरी_लेक
मी डॉक्टर नाही, तरी लिहिते. बाबांना बरीच वर्षं डायबेटिस. करंगळीजवळ भोवरी झाली, मेडिकलमधून कॉर्न कॅप आणून लावली. त्या पट्टीत ॲसिड असतं आणि बधिर पायाला लावायची नसते, हे आम्हाला बोट काढल्यावर कळलं. ज्या दवाखान्यात दर महिन्याला जायचो तिथे भिंतभर सर्टिफिकेटं होती. साखर बघितली, गोळी बदलली, पण एकदाही कुणी बाबांचे मोजे काढायला लावले नाहीत. त्यामुळे पॉइंट तीस की पन्नास, याने मला काही फरक पडत नाही.

आणि बाबा आता बोट नसतानाही कोजागरीला तुळजापूरला अनवाणी चालत जायचं म्हणतात. त्यांना कसं थांबवू ते सांगा.

मिरजवाला
ताई, अनवाणी अजिबात नाही. ऑक्टोबरच्या उन्हात डांबर तापतं, पायाला ते कळत नाही, आणि घरी आल्यावर तळव्याला फोड दिसतो. दर वर्षी कोजागरीनंतर असे पाय माझ्याकडे येतात.

वारीचा_माणूस
विषय डॉक्टरांच्या परीक्षेचा होता, देवीच्या वाटेवर कशाला आलात? सोलापूरहून लोक पिढ्यान्‌पिढ्या अनवाणी जातात. आमच्या आजोबांनी केलं, त्यांना काही झालं नाही. दिसला भाविक की द्या उपदेश, हे बंद करा.

मिरजवाला
आजोबांना साखर होती का? तुमचं ठणकतं, माझं ठणकतं, म्हणून आपण पाय उचलतो. यांच्या पायात काच गेली तरी हा माणूस चालत राहतो. श्रद्धेवर एक अक्षर बोललेलो नाही. उगाच भलतं तोंडी घालू नका.

वारीचा_माणूस
भलतं नाही. तुम्ही लोक थंड हॉलमध्ये बसून 'भाविकांनी काळजी घ्यावी' म्हणता. रस्त्यावर पाणी देणारे असतात, फळं देणारे असतात, पाय चेपून देणारी पोरं असतात. मोजे काढून तळवा बघणारा डॉक्टर मी तरी त्या वाटेवर पाहिला नाही. तिकडे या की एक रात्र.

वॉर्डातली
वारीचा_माणूस चिडून बोलले, पण या धाग्यातला सगळ्यात कामाचा मुद्दा त्यांचाच आहे. त्या रस्त्यावर एका रात्रीत मोनोफिलामेंट आणि ट्यूनिंग फोर्क (पायाला कंपन कळतं का ते बघायचा चिमटा) घेऊन जितके बधिर पाय सापडतील तितके हॉलमध्ये जन्मात दिसणार नाहीत. त्या कामाला पॉइंट द्या. डॉक्टर शिकेल आणि पेशंटही सापडेल.

वारीचा_माणूस
असं असेल तर आमच्या मंडळाचा मांडव वापरा, माझी ना नाही. मात्र अनवाणी जाऊ नका असा फलक तिथे लागणार नाही. ज्याचा पाय बधिर निघेल त्याला बाजूला घेऊन सांगा. चप्पल घालून गेलं तर देवी काही परत पाठवत नाही, हे मीही सांगेन.

टाचदुखी (लेस्टर)
धागा कुठून कुठे गेला. ठीक आहे, एवढं मान्य करतो : 'पेशंटला काय फायदा झाला' हा प्रश्न हजेरीच्या सहीपेक्षा बरा आहे, आणि तो एचसीपीसीच विचारते. पण मग तो पायाला ब्लेड लावणाऱ्या प्रत्येकाला विचारा. समोरच्या दुकानाला सूट आणि मला ऑडिट, हे मी मान्य करणार नाही.

बर्मिंगहॅमकर
त्यांनाही नोंदणी लावा, पहिली सही माझी. पण त्यांच्यावर नियम नाही म्हणून आपलाही काढा, हे उलटं आहे. शार्कोचा पाय चुकला की पेशंटला दोघं सारखेच.

सोलापुरी_लेक ताई, बाबांचं एक बोट गेलंय म्हणजे त्यांचा दुसरा पायही जोखमीत धरायचा. रोज रात्री दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात बघा, चप्पल घालण्याआधी आत हात फिरवा, शेकायला गरम पाण्यात पाय बुडवू देऊ नका. पुढच्या वेळी दवाखान्यात खुर्चीत बसल्या बसल्या तुम्हीच त्यांचे मोजे काढा, डॉक्टरांनी सांगायची वाट बघू नका.

सोलापुरी_लेक
मोजे काढते. मिरजवाले डॉक्टर, त्या कारागिराचा पत्ता मला व्यक्तिगत निरोपात पाठवाल का? कोजागरीच्या आत चप्पल हवी आहे.